विचारशैली, स्वक्षमताविश्वास आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची चिंता : एक चिकित्सा
(विशेष संदर्भ : भंडारा जिल्हा)

सारांश

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची चिंता ही त्यांच्या विचार करण्याच्या पद्धतीशी आणि स्वतःच्या क्षमतेवरील विश्वासाशी निगडित असते, ही गोष्ट मानसशास्त्रात आता सर्वमान्य झाली आहे. मात्र तिच्या आधारे 'विद्यार्थ्याचे विचार सुधारा, आत्मविश्वास वाढवा, म्हणजे चिंता दूर होईल' असा जो सरळ उपाय सुचविला जातो, तो एलिस, बेक व बंडुरा यांच्या मूळ मांडणीशी पूर्णतः सुसंगत नाही. प्रस्तुत लेखात या विषयावरील प्रचलित अभ्यासपद्धतीची चिकित्सा केली असून, भंडारा जिल्ह्यासारख्या ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांच्या संदर्भात 'बाहेरून मिळणाऱ्या आधाराची खात्री' हा दुर्लक्षित घटक विचारात घेण्याची आवश्यकता प्रतिपादन केली आहे.

बीजसंज्ञा : चिंता, विचारशैली, अविवेकी समजुती, स्वक्षमताविश्वास, परीक्षा, ग्रामीण विद्यार्थी.

१. प्रास्ताविक

विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा प्रश्न आज केवळ मानसशास्त्र विभागापुरता मर्यादित राहिलेला नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होते. राज्यनिहाय आकड्यांत ही संख्या सर्वाधिक होती. प्रत्येक आत्महत्येमागे चिंताच असते असे नाही आणि चिंताग्रस्त विद्यार्थ्यांपैकी फारच थोडे त्या टोकाला जातात, हे खरे. तरीही हे आकडे वर्गात शिकविणाऱ्या प्रत्येक अध्यापकाला अंतर्मुख करणारे आहेत.

या पार्श्वभूमीवर विचारशैली, आत्मविश्वास आणि चिंता यांच्या परस्परसंबंधांवर अनेक विद्यापीठांत व महाविद्यालयांत लघुप्रबंध, शोधनिबंध व प्रकल्प लिहिले जातात. त्यांतील निष्कर्ष बहुधा एकसारखे असतात. अविवेकी विचार जितके अधिक तितकी चिंता अधिक आणि आत्मविश्वास जितका अधिक तितकी चिंता कमी, असे आढळते व शेवटी समुपदेशनाची आणि व्यक्तिमत्त्व विकास कार्यशाळेची शिफारस केली जाते. या निष्कर्षात चूक काही नाही; परंतु त्यातून नेमके काय सिद्ध होते आणि काय सिद्ध होत नाही, याची तपासणी क्वचितच केली जाते. प्रस्तुत लेखाचा उद्देश ती तपासणी करणे हा आहे.

या विवेचनासाठी भंडारा जिल्ह्याचा संदर्भ घेतला आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यानंतर उरलेल्या या जिल्ह्यात भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी असे सात तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ असून तिच्यापैकी सुमारे चार पंचमांश ग्रामीण आहे. धानाची शेती हा येथील मुख्य व्यवसाय होय. येथील महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. घरातून प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढणारा, धानाच्या हंगामात रोवणीला व कापणीला हातभार लावणारा आणि खेड्यातून एस. टी. बसने ये-जा करणारा विद्यार्थी हा अशा जिल्ह्यातील वर्गाचा एक परिचित घटक आहे. सिद्धांताची खरी परीक्षा अशा विद्यार्थ्याच्या संदर्भात होते.

२. मूळ संकल्पना

चिंतेचा अभ्यास करताना अमेरिकन मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पिलबर्गर यांनी केलेला भेद आजही उपयुक्त ठरतो. प्रसंगापुरती उत्पन्न होणारी चिंता ही एक अवस्था होय, तर बहुतेक प्रसंगांत चिंतित होण्याची प्रवृत्ती हा व्यक्तीचा स्थायी गुणधर्म होय. याच दोन बाजू मोजणारी त्यांची चाचणी १९७० मध्ये प्रसिद्ध झाली. परीक्षेच्या चिंतेबाबत लीबर्ट आणि मॉरिस यांनी १९६७ मध्ये आणखी एक भेद सुचविला. 'आता काय होणार?' ही विचारांची घालमेल हा एक भाग आणि छातीची धडधड, घाम, पोटात गोळा येणे हा शारीरिक-भावनिक भाग दुसरा. पुढील संशोधनात परीक्षेतील कामगिरी मुख्यतः पहिल्या भागामुळे खालावते, असे वारंवार दिसून आले. हात थरथरत असतानाही विद्यार्थी उत्तर लिहू शकतो. परंतु मनातील अवधानाची जागा 'आपण नापास होणार' या विचाराने व्यापली असेल, तर पाठ केलेलेही आठवत नाही.

चिंतेमागील विचारांचा शोध अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) आणि ॲरन बेक (१९२१–२०२१) या दोघांनी घेतला. एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचाराची मांडणी सुरू केली आणि १९६२ मधील आपल्या ग्रंथात अकरा अविवेकी समजुती नोंदविल्या. घटना थेट भावना निर्माण करीत नाही. घटनेविषयीची समजूत भावना निर्माण करते, हे त्यांचे मुख्य सूत्र होय. 'मी यशस्वी व्हावे' ही इच्छा विवेकी आहे, पण 'मी यशस्वी झालेच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी ठरतो' हा हट्ट अविवेकी आहे. बेक यांनी घाईने काढलेले निष्कर्ष, एका प्रसंगावरून केलेले सार्वत्रिकीकरण, वाईटाचे अवास्तव मोठे रूप पाहणे अशा विचारदोषांकडे लक्ष वेधले.

मराठी वाचकाला हा विचार अपरिचित नाही. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ डॉ. कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार केला आणि विवेकनिष्ठ मानसोपचार महाराष्ट्रात रुजविला. डॉ. अंजली जोशी यांनी एलिस यांचे जीवन व विचार मराठीत आणले. ठाण्याच्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या संस्थेचे संस्थापक डॉ. आनंद नाडकर्णी यांनी आपल्या लेखनातून व व्याख्यानांतून तो सर्वसामान्यांपर्यंत पोहोचविला. त्यामुळे या विचाराची मराठी परिभाषा तयार झालेली आहे व अध्यापकाला ती सहज उपलब्ध आहे.

तिसरी संकल्पना अल्बर्ट बंडुरा (१९२५–२०२१) यांची. विशिष्ट काम आपल्याला जमेल, ही व्यक्तीची धारणा म्हणजे स्वक्षमताविश्वास. बंडुरा यांनी १९७७ मध्ये ही संकल्पना सविस्तर मांडली आणि तिचे चार उगम सांगितले : स्वतः काम पार पाडल्याचा अनुभव, आपल्यासारख्या इतरांना ते पार पाडताना पाहणे, इतरांनी दिलेला धीर आणि स्वतःच्या शारीरिक-भावनिक स्थितीचा लावलेला अर्थ. या चारांमध्ये पहिला उगम सर्वांत प्रभावी होय, असे त्यांचे मत होते. त्याच काळात सापाची तीव्र भीती असलेल्या व्यक्तींवर त्यांनी व सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात, दुसऱ्याला साप हाताळताना केवळ पाहणाऱ्यांपेक्षा टप्प्याटप्प्याने स्वतः साप हाताळणाऱ्यांचा विश्वास अधिक वाढला आणि भीतीही अधिक कमी झाली.

मराठीतील 'आत्मविश्वास' हा शब्द यापेक्षा बराच व्यापक आहे. कामाच्या क्षमतेवरील विश्वास, स्वतःचे मूल्य आणि बोलण्यातील धिटाई हे तिन्ही अर्थ त्यात मिसळलेले असतात. एलिस तर स्वतःला गुण देण्याच्या सवयीविरुद्धच होते. कामगिरीचे मूल्यमापन करावे, माणसाचे करू नये, असे ते सांगत. म्हणजे बंडुरा 'मला हे जमेल का?' असा प्रश्न विचारतात, तर एलिस 'जमले नाही तरी मी माणूस म्हणून कमी ठरतो का?' असा प्रश्न विचारतात. दोन्ही प्रश्न चिंतेशी संबंधित असले तरी ते एक नाहीत. अनेक अभ्यासांत मात्र ते एकाच शब्दाखाली एकत्र येतात.

३. प्रचलित अभ्यासपद्धतीच्या मर्यादा

अशा अभ्यासांची रूपरेषा साधारणतः ठरलेली असते. शंभर विद्यार्थ्यांचा नमुना, पन्नास मुले व पन्नास मुली, दोन किंवा तीन प्रमाणित चाचण्या, सहसंबंध गुणांक आणि 'टी' मूल्य. या पद्धतीबाबत तीन आक्षेप नोंदविणे आवश्यक आहे.

पहिला आक्षेप मापनींच्या आशयाविषयी आहे. श्वार्झर व जेरूसलेम यांची दहा विधानांची सर्वसाधारण स्वक्षमताविश्वास मापनी जगभर वापरली जाते. तिच्यातील एक विधान अडचणीच्या वेळी शांत राहता येण्याविषयीचे आहे. दुसरीकडे, स्पिलबर्गर यांच्या चिंता चाचणीत आत्मविश्वास वाटतो की नाही, अडचणींचा डोंगर आपल्याला पार करता येणार नाही असे वाटते का, अशा आशयाची विधाने आहेत. म्हणजे विश्वासाच्या मापनीत चिंतेचा अंश आहे आणि चिंतेच्या मापनीत विश्वासाचा. अशा दोन मापनींत ऋण सहसंबंध आढळला तर त्यातील काही भाग चाचण्यांच्या रचनेतूनच आलेला असतो. तो विद्यार्थ्यांविषयीचा शोध मानता येणार नाही. खुद्द बंडुरा यांनी २००६ मधील आपल्या मार्गदर्शक लेखात सर्व कामांसाठी एकच मापनी वापरण्यास हरकत घेतली होती. एखादी विद्यार्थिनी घरचा हिशेब, शेतीची कामे व लहान भावंडांचे शिक्षण समर्थपणे सांभाळते आणि तीच आवश्यक इंग्रजीच्या पेपरपुढे हतबल होते. तिला 'सर्वसाधारणपणे' आत्मविश्वास आहे की नाही, हा प्रश्नच येथे अपुरा ठरतो.

दुसरा आक्षेप आकड्यांच्या अर्थाविषयी आहे. शंभर विद्यार्थ्यांच्या नमुन्यात ०.२० इतका सहसंबंधही ०.०५ स्तरावर सार्थक ठरतो. मात्र या सहसंबंधातून एका चलातील फरकाचे केवळ ४ टक्के स्पष्टीकरण मिळते. गुणांक ०.४० असला तरी ते प्रमाण १६ टक्केच राहते. उरलेले ८४ टक्के कोठे आहेत, हा प्रश्न निष्कर्षाच्या प्रकरणात सहसा उपस्थित होत नाही. 'सार्थक' या शब्दाचा सांख्यिकीतील अर्थ आणि व्यवहारातील अर्थ यांत अंतर आहे आणि विद्यार्थ्यासाठी उपाय सुचविताना व्यवहारातील अर्थच महत्त्वाचा असतो.

तिसरा व सर्वांत महत्त्वाचा आक्षेप कार्यकारणभावाच्या दिशेविषयी आहे. एकाच दिवशी भरून घेतलेल्या दोन प्रश्नावल्यांवरून विश्वास कमी म्हणून चिंता वाढली, की चिंता व अपयश यांमुळे विश्वास कमी झाला, हे ठरविता येत नाही. या संदर्भात टाल्स्मा व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेले संकलित विश्लेषण उद्बोधक आहे. स्वक्षमताविश्वास आणि शैक्षणिक कामगिरी या दोहोंचे एकापेक्षा अधिक वेळा मापन करणारे अभ्यास त्यांनी एकत्र केले. आधीच्या कामगिरीचा नंतरच्या विश्वासावरील प्रभाव सुमारे ०.२१ आढळला, तर आधीच्या विश्वासाचा नंतरच्या कामगिरीवरील प्रभाव सुमारे ०.०७ इतकाच होता. विश्वासामुळे यश मिळते हे काही अंशी खरे असले तरी यशामुळे विश्वास येतो हे अधिक प्रमाणात खरे आहे. बंडुरा यांनी स्वानुभवाला दिलेल्या अग्रक्रमाशी हा निष्कर्ष जुळतो. मात्र प्रेरणादायी व्याख्यानांवर भिस्त ठेवणाऱ्या आपल्या नेहमीच्या शिफारशींशी तो जुळत नाही.

४. विचार अविवेकी केव्हा ठरतो?

विचारशैलीच्या अभ्यासातील मध्यवर्ती अडचण येथे आहे. कोणता विचार अविवेकी म्हणावा, हे परिस्थिती पाहिल्याशिवाय ठरत नाही.

एक उदाहरण घेऊ. पदवीच्या वर्षांत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे विद्यार्थी ग्रामीण महाविद्यालयांत मोठ्या संख्येने असतात. २०२३ मध्ये महाराष्ट्रात तलाठी पदाच्या ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. म्हणजे हजार अर्जदारांमागे पाच जागाही नव्हत्या. अशा वेळी 'या परीक्षेत माझी निवड होणे कठीण आहे' असे म्हणणारा विद्यार्थी विचारदोषाचा बळी नसतो. त्याचे गणित बरोबर असते. त्याला 'सकारात्मक विचार कर' असे सांगणे म्हणजे वास्तवाकडे डोळेझाक करण्याचा सल्ला देणे होय. परंतु तोच विद्यार्थी 'निवड झाली नाही तर गावात तोंड दाखवायला जागा नाही, माझ्या जगण्याला अर्थ नाही' असे म्हणू लागला, तर मात्र तो अविवेकाच्या क्षेत्रात प्रवेश करतो. पहिले विधान शक्यतेचे अनुमान आहे, दुसरे स्वतःविषयीचा निवाडा आहे. एलिस यांचा भर या दुसऱ्या प्रकारावर होता. वाईट घडण्याची शक्यता खरी असली तरीही माणूस तिला सामोरा जाऊ शकतो, असे ते मानत. एलिस यांनी चिंता आणि विवेकी काळजी यांत केलेला भेद या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा आहे. काळजी माणसाला तयारीला लावते, चिंता त्याला जागीच खिळवून ठेवते.

आपल्या प्रश्नावल्यांत हे दोन्ही प्रकार अनेकदा एकाच बेरजेत जमा होतात. परिणामी, वास्तव ओळखणारा गरीब विद्यार्थी आणि वास्तवाचा विपर्यास करणारा सुस्थितीतील विद्यार्थी यांना सारखेच गुण मिळू शकतात. मग 'ग्रामीण विद्यार्थ्यांत अविवेकी विचारांचे प्रमाण अधिक' असा निष्कर्ष निघाला, तर तो विद्यार्थ्यांच्या विचारांविषयी आहे की त्यांच्या परिस्थितीविषयी, हे सांगता येणार नाही.

भाषेचे उदाहरण याहून बोलके आहे. भंडारा जिल्हा हा झाडीबोलीचा प्रदेश. साकोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा विस्तृत अभ्यास केला आहे. तिच्यात ण, ळ, श, ष यांचे उच्चार नाहीत. 'पाणी'चे 'पानी' होते आणि 'डोळा'चा 'डोरा'. अशी बोली बोलणारा विद्यार्थी वर्गात उभा राहून बोलण्यास घाबरतो व 'मी बोललो तर सगळे हसतील' असे त्याला वाटते. प्रश्नावलीच्या हिशेबाने हा दुसऱ्याचे मन आपणच वाचण्याचा विचारदोष ठरेल. पण वर्ग यापूर्वी खरोखर हसलेला असेल, तर तो विचार अनुभवाचे सार होय. अशा वेळी हस्तक्षेप विद्यार्थ्याच्या मनात करायचा की वर्गाच्या वातावरणात, याचा निर्णय अध्यापकाला घ्यावा लागतो. 'ते हसले म्हणजे मी मूर्ख ठरलो' ही समजूत दुरुस्त करणे समुपदेशकाचे काम होय. हसणाऱ्या वर्गाला बोलीचा आदर शिकविणे हे मात्र भाषेच्या आणि इतर विषयांच्या प्रत्येक अध्यापकाचे काम होय.

मापनाच्या भाषेबाबतही हेच म्हणता येईल. इंग्रजीतून किंवा हिंदीतून भाषांतरित केलेल्या चाचण्यांतील 'तणावग्रस्त', 'उद्विग्न' हे शब्द विद्यार्थी वाचतो, पण वापरत नाही. त्याची चिंता 'जीव घाबरते', 'हातपाय गळतात', 'काही सुचत नाही' अशा शब्दांतून व्यक्त होते. चाचणीचे शब्द आणि अनुभवाचे शब्द यांत अंतर असेल तर उत्तरांवर किती विसंबावे, हा प्रश्न शिल्लक राहतो.

५. सूत्रातील विसरलेला घटक

बेक यांनी सहकाऱ्यांसह १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चिंताविकारांवरील ग्रंथात चिंतेचे जे विवेचन केले, त्याचे सार पुढे पॉल साल्कोव्हस्किस यांनी एका सूत्ररूपात मांडले. संकटाची वाटणारी शक्यता आणि त्याची वाटणारी तीव्रता यांचा गुणाकार अंशस्थानी, तर त्याला तोंड देण्याची स्वतःची क्षमता आणि बाहेरून मदत मिळण्याची खात्री यांची बेरीज छेदस्थानी. अंश वाढला तर चिंता वाढते, छेद वाढला तर ती कमी होते.

हे गणिती समीकरण म्हणून वापरण्याचे सूत्र नव्हे, परंतु विचाराला दिशा देणारी मांडणी म्हणून ते मोलाचे आहे. विचारशैलीचे अभ्यास अंशाचा विचार करतात. स्वक्षमताविश्वासाचे अभ्यास छेदातील पहिल्या पदाचा विचार करतात. छेदातील दुसरे पद, म्हणजे संकटात कोणीतरी धावून येईल ही खात्री, प्रश्नावलींच्या या जोडीतून गळून पडते. विद्यार्थ्याच्या बाबतीत हे पद म्हणजे कुटुंब, मित्र आणि विशेषतः त्याचे महाविद्यालय होय.

पवनी परिसरातील गोसीखुर्द धरणामुळे विस्थापित झालेल्या कुटुंबातील एखादी विद्यार्थिनी डोळ्यांपुढे आणू. परीक्षेच्या दिवशी बस चुकली तर काय, शिष्यवृत्तीची रक्कम वेळेत जमा झाली नाही तर परीक्षा शुल्क कसे भरायचे, एका विषयात राहिले तर घरचे पुढे शिकू देतील की लग्नाचे पाहतील, असे प्रश्न तिच्यापुढे असू शकतात. अशा प्रश्नांची उत्तरे तिच्या विचारशैलीत सापडत नाहीत. अडचणीच्या वेळी कोणाकडे जायचे, ती व्यक्ती ऐकून घेईल का आणि काही करू शकेल का, यांवर तिची चिंता पुष्कळ अंशी अवलंबून असते. अनेक अभ्यासांत मुलींची चिंता मुलांपेक्षा अधिक आढळते आणि तिचे स्पष्टीकरण 'भावनिक स्वभावात' शोधले जाते. त्याआधी मुलींच्या बाबतीत संकटाची किंमत किती मोठी आणि मदतीची खात्री किती कमी आहे, हे तपासणे न्याय्य ठरेल.

विचारशैली व स्वक्षमताविश्वास यांचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. परंतु केवळ हे दोनच घटक मोजल्याने चिंतेचे संपूर्ण उत्तरदायित्व विद्यार्थ्याच्या मनावर येऊन पडते आणि संस्था मात्र अभ्यासाच्या चौकटीबाहेर राहते. ज्या संस्थेत हा अभ्यास होतो, तीच त्यातून वगळली जाते, ही या संशोधनातील सर्वांत मोठी उणीव म्हणता येईल.

६. महाविद्यालयाचे कार्य

बंडुरा यांचे चार उगम महाविद्यालयाच्या दैनंदिन कामकाजात उतरविणे अवघड नाही. स्वानुभवासाठी सत्राच्या प्रारंभीच छोट्या, पेलतील अशा लेखनचाचण्या घेऊन तपासलेल्या उत्तरपत्रिका शेऱ्यांसह परत देणे आवश्यक आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार लागू झालेल्या रचनेत अंतर्गत मूल्यमापनाला स्थान आहे. त्याचा उपयोग गुण भरण्यापुरता न करता यशाच्या लहान पायऱ्या बांधण्यासाठी केल्यास तोच उत्तम चिंतानिवारक उपाय ठरेल. अनुकरणीय उदाहरण म्हणून दूरच्या शहरातील नामवंतांपेक्षा त्याच तालुक्यातील, तशाच घरातून आलेला माजी विद्यार्थी अधिक परिणामकारक ठरतो, कारण साम्याची जाणीव हाच या उगमाचा आधार आहे. धीर देतानाही 'तू करू शकतोस' या मोघम वाक्यापेक्षा 'तुझे मुद्दे बरोबर आहेत, आता प्रत्येकाला एक उदाहरण जोड' हे वाक्य अधिक बळ देते. पोकळ स्तुती पहिल्याच अपयशात कोसळते. शारीरिक लक्षणांबाबत, परीक्षेपूर्वीची धडधड ही शरीराची तयारी असून बुद्धी बधिर झाल्याची खूण नव्हे, एवढे समजावून सांगितले तरी पुष्कळ साधते.

बाहेरील आधाराच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निर्देशांची नोंद घेतली पाहिजे. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नियुक्त करावा आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर संपर्कव्यवस्था ठेवावी, असे त्यात म्हटले आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली टेली-मानस ही शासकीय दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर निःशुल्क उपलब्ध आहे. हा क्रमांक परीक्षा प्रवेशपत्राइतकाच विद्यार्थ्याच्या हाती असला पाहिजे. अनेक महाविद्यालयांत पालक-शिक्षक योजना आहे. ती मूल्यांकनाच्या फाईलपुरती राहते की विद्यार्थ्याच्या खात्रीचा भाग बनते, यावर तिचे मोल ठरेल.

७. संभाव्य आक्षेप

या मांडणीवर दोन आक्षेप घेतले जाऊ शकतात. परिस्थितीवर भर दिल्याने विद्यार्थी स्वतःची जबाबदारी टाळेल, हा पहिला. त्याचे उत्तर एलिस यांच्याच विचारात आहे. परिस्थिती आपल्या हाती नसली तरी तिच्याविषयीचा निवाडा आपल्या हाती असतो आणि हे शिकणे विद्यार्थ्यासाठी मुक्तिदायक आहे. मात्र संस्थेने स्वतःचे काम न करता हा धडा शिकविला, तर तो उपदेश ठरतो. विवेकनिष्ठ विचार हा अन्याय सहन करण्याचे तंत्र नव्हे.

अध्यापक हा मानसोपचारक नाही, त्याच्यावर हा भार का, हा दुसरा आक्षेप. तो रास्त आहे. ज्या विद्यार्थ्याची झोप-भूक उडाली आहे, ज्याने वर्गात येणेच सोडले आहे किंवा जो मृत्यूविषयी बोलतो, त्याला वर्गातील युक्त्या पुरणार नाहीत. त्याला विनाविलंब तज्ज्ञांकडे, म्हणजे जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य सेवेकडे किंवा नागपूरला नेले पाहिजे. परंतु शिकविणे, तपासणे, परत देणे, ऐकून घेणे ही कामे मानसोपचाराची नाहीत. ती अध्यापनाचीच आहेत आणि वर सांगितलेले बहुतेक उपाय याच कामांत मोडतात.

८. समारोप

विचारशैली, स्वक्षमताविश्वास आणि चिंता यांचा संबंध खरा आहे, परंतु तो एकेरी नाही आणि तो केवळ मनाच्या आत घडत नाही. यापुढील अभ्यासांनी काही पथ्ये पाळणे इष्ट ठरेल. मापनी विशिष्ट कामाशी निगडित असाव्यात आणि त्यांतील विधाने परस्परांत मिसळलेली नाहीत हे तपासून घ्यावे. वास्तव अनुमान आणि अविवेकी निवाडा यांची नोंद स्वतंत्रपणे करावी. प्रश्न विद्यार्थ्याच्या बोलीत तपासून घ्यावेत. एकाच दिवसाऐवजी सत्राच्या प्रारंभी, निकालापूर्वी व निकालानंतर असे तीन वेळा मापन करावे. आणि 'अडचणीत महाविद्यालयात कोणाकडे जाल?' हा साधा प्रश्न प्रत्येक प्रश्नावलीत असावा. पन्नास-शंभर विद्यार्थ्यांचा असा काळजीपूर्वक केलेला अभ्यास भंडारा जिल्ह्यातील कोणत्याही महाविद्यालयाला स्वतःच्या साधनांनी करता येण्याजोगा आहे. त्या शेवटच्या प्रश्नापुढील जागा किती विद्यार्थ्यांनी कोरी सोडली, हे मोजण्यासाठी कोणत्याही प्रमाणित चाचणीची गरज पडणार नाही.